चपट्या कृमींचे मज्जातंतु

गेल्या आषाढांत पाऊस नुकताच सुरू झाला होता. नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं शाळेच्या बागेंतील एक कुंडी हलविली, तों तिच्याखालीं त्यांना एक विलक्षण प्राणी दिसला. वीतभर लांब, सुतळीसारखा बारीक, पाठीवर काळसर रेघा, अंग ओलें व बुळबुळीत. डोकें मात्र फावड्याच्या पात्यासारखें पसरट. गांडूळ म्हणावें तर अंगावर वळीं नाहींत. जळू म्हणावी तर कोणास चिकटत नाहीं. मुलांनीं तो कांचेच्या बाटलींत घालून आमच्यापुढें आणून ठेवला. तो आपलें पसरट डोकें उजवीकडे व डावीकडे हालवीत कांचेवरून सावकाश चालला होता; जणूं कांहीं वास घेत वाट शोधीत होता.

त्याच आठवड्यांत घाटंजीकडील एका विद्यार्थ्यानें दुसरी बाटली आणली. त्याच्या घरीं पांच शेळ्या आहेत. त्यांतील एक करडूं रोडावत चाललें होतें व त्याच्या लेंड्यांबरोबर शिजलेल्या भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे पडत होते. औषध दिल्यावर हातभर लांबीची एक पांढरी फीत बाहेर पडली. ती त्यानें मिठाच्या पाण्यांत घालून आणली होती.

दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारीं शेजारीं असतां एका मुलीनें विचारलें, "सर, ह्या दोघांना मेंदू असतो का?" आम्हीं उत्तर दिलें, तें असें: पहिल्याला लहानसा असतो, दुसऱ्याला असून नसल्यासारखा, कारण आयतें खाऊन त्याची मज्जासंस्था झिजून गेली आहे. हेंच उत्तर आम्ही वीस वर्षें वर्गांत देत आलों. आम्हांलाही कॉलेजांत तें असेंच शिकविलें गेलें होतें. त्या रात्रीं मनाला थोडी शंका आली म्हणून कांहीं ग्रंथ व शोधनिबंध चाळले, तेव्हां आमचें उत्तर निम्म्याहून अधिक चुकीचें असल्याचें आढळून आलें. त्या मुलीस खरें उत्तर देणें आमच्याकडे राहिलें आहे. तें सविस्तर देतां यावें म्हणून हा लेख.

दोन्ही बाटल्यांतील प्राणी एकाच मोठ्या कुळांतले आहेत. चपटे कृमि असें त्या कुळाचें नांव. कुंडीखालचा तो जमिनीवर राहणारा प्लॅनेरिया होय. त्याच्या एका प्रसिद्ध जातीचें वर्णन मोस्ले ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १८७८ सालीं, लंडनजवळील क्यू येथील बागेच्या उबदार कांचगृहांत सांपडलेल्या नमुन्यावरून केलें. करडाच्या पोटांतील फीत म्हणजे पट्टकृमि. शेळ्यामेंढ्यांत आढळणाऱ्या ह्या कृमीस मोनिझिया म्हणतात. गवतावरील अतिसूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांच्या पोटांत त्याचीं पिलें वाढतात, आणि तें गवत शेळीनें खाल्लें कीं तीं तिच्या आंतड्यांत जातात. तिसरा भाऊ म्हणजे गुरांच्या यकृतांत राहणारा पानाच्या आकाराचा यकृतकृमि. त्याचें बालपण तळ्याकांठच्या गोगलगाईंच्या अंगांत जातें, म्हणून पाणथळ जागीं चरणाऱ्या जनावरांस तो अधिक होतो.

ह्या सर्वांच्या शरीराविषयीं एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. त्यांना रक्त नाहीं, हृदय नाहीं, रक्तवाहिन्याही नाहींत. आपल्या शरीरांत दोन प्रकारची डाक चालते. मज्जातंतूंची डाक तारेसारखी जलद; आणि ग्रंथींतून रक्तांत मिसळणाऱ्या द्रव्यांची डाक सावकाश, परंतु सर्व गांवभर पोंचणारी. चपट्या कृमीजवळ ही दुसरी डाक वाहून नेणारी नदीच नाहीं. तेव्हां भूक, वाढ, अंडीं घालणें, चालणें, चिकटून राहणें ह्या सर्वांचे निरोप बहुतांशीं मज्जातंतूंनींच पोंचवावयाचे. ज्या प्राण्यावर एवढा भार आहे त्याचे मज्जातंतु झिजून कसे चालतील, हा प्रश्न आम्हांस वीस वर्षांत सुचला नाहीं, याचें आतां नवल वाटतें.

प्रथम स्वतंत्र राहणाऱ्या कृमीकडे पाहूं. गोड्या पाण्यांतला प्लॅनेरिया स्वच्छ वाहत्या ओढ्यांत दगडांच्या खालच्या अंगास चिकटलेला सांपडतो. लांबी बहुधा बोटाच्या एका पेरापेक्षां कमी. डोक्यावर दोन डोळे असतात, आणि ते तिरळ्या माणसाच्या डोळ्यांसारखे दिसत असल्यामुळें मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. डोळ्यांच्या मागें दोन पाळ्यांचा मेंदू असतो. त्याचा आकार उलट्या टांगलेल्या नालासारखा. तेथून पोटाच्या बाजूनें दोन जाड दोर शेपटीपर्यंत जातात, आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें आडवे तंतु त्या दोरांस जोडतात. उभे दोर व आडव्या पायऱ्या मिळून होणाऱ्या ह्या चौकटींच्या जाळ्यास रायसिंगर ह्या शास्त्रज्ञानें १९२५ सालीं ऑर्थोगॉन असें नांव दिलें. चपट्या कृमींच्या सर्व शाखांत तोच मूळ आराखडा थोड्याफार फरकानें दिसतो.

प्लॅनेरियाचें डोकें कापून टाकलें तर आठवडा-दीड आठवड्यांत नवें डोकें, नवे डोळे आणि नवा मेंदू तयार होतो. शेपटीच्या तुकड्याला मेंदू फुटतो, तर मग साऱ्या अंगभर मेंदू कां फुटत नाहीं? जपानांतील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं ह्या प्रश्नाचें एक उत्तर शोधलें. प्लॅनेरियाच्या डोक्यांत एक गुणसूत्रगत घटक, म्हणजे जीन, मेंदूची वाढ डोक्यापुरती मर्यादित ठेवतो. तो बंद पाडला असतां शरीरांत ठिकठिकाणीं मेंदूचा भाग उगवूं लागला. त्यांनीं त्या जीनला जपानी भाषेंत "नौ-दाराके" असें नांव दिलें. "जिकडे तिकडे मेंदू" असा त्याचा अर्थ.

आतां सूक्ष्म रचनेकडे वळूं. शाळेंतील सूक्ष्मदर्शकांतून मेंदूच्या पाळ्या व दोर रंग देऊन पाहतां येतात, परंतु साधा प्रकाश वापरणारें कोणतेंही यंत्र मिलिमीटरच्या सुमारें पांच हजाराव्या भागाहून लहान वस्तु स्पष्टपणें वेगळ्या दाखवूं शकत नाहीं. मज्जातंतु जेथें एकमेकांस निरोप देतात तेथील सर्व व्यवहार त्याहून लहान जागेंत चालतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत ह्या विषयांत अंदाजच अधिक होते. ह्या यंत्रासाठीं कृमीचा कण रसायनांत टिकवून, राळेसारख्या कठीण पदार्थांत घट्ट बसवून, कांचेच्या किंवा हिऱ्याच्या पात्यानें त्याचे काप काढतात. एकेक काप मिलिमीटरच्या सुमारें पंधरा हजाराव्या भागाएवढा पातळ. सोनाराच्या हातालाही हेवा वाटावा असें हें काम आहे.

अशा कापांतून प्लॅनेरियाचा मेंदू पाहिला असतां काय दिसतें? मज्जापेशींचीं शरीरें सालीसारखीं बाहेरच्या बाजूस, आणि त्यांच्यापासून निघालेल्या तंतूंची दाट गुंतागुंत आंत, गाभ्यासारखी. ह्या गुंत्यांत एक तंतु दुसऱ्याशीं जेथें संदेशाची देवघेव करतो त्या जागेस सायनॅप्स म्हणतात. तेथें दोन तंतूंमध्यें मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते, आणि निरोप देणाऱ्या टोंकांत लहान लहान पिशव्या भरलेल्या असतात. एका प्रकारच्या पिशव्या आंतून स्वच्छ दिसतात. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाच्या आसपास. दुसऱ्या प्रकारच्या दुप्पट-अडीचपट मोठ्या असून त्यांच्या मध्यभागीं काळा गोळा दिसतो. पहिल्यांतील द्रव्य फट ओलांडून शेजारच्या तंतूला किंवा स्नायूला ताबडतोब निरोप देतें. दुसऱ्यांत सेरोटोनिनसारखीं द्रव्यें व पेप्टाइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या लहान सांखळ्या असतात. त्या सावकाश पाझरून जवळपासच्या अनेक पेशींना कळवितात. रक्ताची नदी नसलेल्या गांवांत जी दुसरी डाक हवी म्हणून आम्हीं वर म्हटलें, ती हीच.

१९६९ सालीं बेस्ट व नोएल ह्यांनीं प्लॅनेरियाच्या मेंदूंतील सायनॅप्सचे पुष्कळ गुंतागुंतीचे प्रकार दाखविले, आणि ज्याला आपण क्षुद्र जंतु समजतों त्याच्या डोक्यांतही साधी तार नसून एक लहानसें तारऑफिस आहे हें उघड झालें. पुढें १९८५ सालीं सार्नाट व नेट्स्की ह्या दोघांनीं तर ह्या मेंदूस मानवी मेंदूचा पूर्वज मानावें, असा विचार मांडला. आम्हांस ती उडी फार लांबची वाटते. तथापि ज्या साम्यावर ती आधारलेली आहे, म्हणजे अनेक शाखा असलेल्या मज्जापेशी व त्या शाखांवरील बारीक कांटे, तें साम्य खरेंच आहे.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगावीशी वाटते. आपण मराठींत मज्जातंतु म्हणतों. आणि आपल्या अंगांतील अनेक तंतूंभोंवतीं चरबीचें वेष्टन असतें, त्यामुळें निरोप वेगानें धांवतो. चपट्या कृमीच्या तंतूंवर असें वेष्टन नाहीं. म्हणजे त्याचे मज्जातंतु मज्जेवांचूनचे उघडे आहेत. तरी दुसरा सोपा शब्द नसल्यामुळें तोच चालवितों.

समुद्रांतल्या चपट्या कृमींपैकीं पॉलिक्लॅड नांवाच्या पानासारख्या प्राण्यांत मेंदू एका पातळ आवरणांत बंद असतो, तसा तो ओढ्यांतल्या प्लॅनेरियांत नसतो. पण आपला जिल्हा समुद्रापासून फार दूर असल्यामुळें त्यांच्याविषयीं इतकेंच.

आतां परजीवी भावंडें. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतून ह्यांच्याविषयीं एक ठरीव वाक्य असे: दुसऱ्याच्या जीवावर जगल्यामुळें ह्यांचीं इंद्रियें नष्ट झालीं. त्यांत अर्धें सत्य आहे. यकृतकृमीचें अंड्यांतून निघालेलें पिलूं पाण्यांत पोहतें, तेव्हां त्याला डोळ्यांचे ठिपके असतात. प्रौढ कृमि यकृताच्या अंधारांत राहतो, त्याला ते नसतात. पट्टकृमीला तर तोंड व आंतडेंही नाहीं. तो सर्व अंगानें अन्न शोषून घेतो. डोळे गेले, तोंड गेलें, तेव्हां मज्जासंस्थाही गेली असावी असें अनुमान सहज निघतें. आमच्या विदर्भांतही पट्टकृमींचा अभ्यास जुना आहे. नागपूरचे प्राध्यापक एम. ए. मोघे ह्यांनीं १९२५ व १९३३ सालीं पक्ष्यांच्या पोटांतील पट्टकृमींच्या नव्या जातींचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. आणि मुक्तेश्वर येथील जी. डी. भालेराव ह्यांनीं १९३५ सालीं भारतांतील पाळीव जनावरांच्या जंतांवर मोठा ग्रंथ लिहिला. परंतु जाति ओळखण्यासाठीं पाहावयाचें तें चूषक, आंकडे, अंडीं व जननेंद्रियें; मज्जातंतु नव्हेत. ते पाहण्याचीं साधनेंही त्या काळीं कोणाजवळ नव्हतीं.

१९६५ सालीं डिक्सन व मर्सर ह्यांनीं यकृतकृमीच्या शेपटी असलेल्या पिलाची मज्जासंस्था इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. पुढें प्रौढ कृमींवर आणि पट्टकृमींवरही असें काम झालें. काय आढळलें? तीच साल व तोच गाभा, तोच सायनॅप्स, त्याच दोन तऱ्हेच्या पिशव्या, स्वच्छ आणि काळ्या गोळ्याच्या. यकृतकृमींत मेंदूच्या दोन गांठी एका पट्ट्यानें जोडलेल्या असून तेथून दोरांच्या तीन जोड्या निघतात: पोटाच्या, पाठीच्या व कडेच्या, पोटाची जोडी सर्वांत जाड. दोन्ही चूषकांना मज्जातंतूंचा भरपूर पुरवठा. पट्टकृमीच्या डोक्यांत गांठी व त्यांना जोडणारें कडें. तेथून दोन मुख्य दोर शेंकडों तुकड्यांच्या फितींतून शेवटच्या तुकड्यापर्यंत अखंड जातात, आणि प्रत्येक तुकड्यांत आडवे जोड असतात. कातडींत स्पर्श व रसायन ओळखणारीं तंतूंचीं टोंकें असून त्यांतून सूक्ष्म केंस बाहेर डोकावतात.

म्हणजे बदलला तो आराखडा. डोळ्यांकडे जाणारे तंतु गेले, कारण डोळे गेले. त्याऐवजीं चिकटून राहण्याच्या व अंडीं घालण्याच्या अवयवांभोंवतीं जाळें दाट झालें. सूत मात्र तेंच राहिलें. जुन्या साडीची गोधडी शिवली म्हणजे आकार बदलतो, पण दोरा तपासला तर तो त्याच मागावरचा निघतो, तसेंच हें.

आणि हें केवळ दिसण्यापुरतें नाहीं. १९९१ सालीं बेलफास्ट येथील हॉल्टन, मॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोनिझियाच्या, म्हणजे करडाच्या बाटलींतल्या ह्याच कृमीच्या, अंगांतून एक नवें पेप्टाइड वेगळें केलें. तें ३९ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असून त्यास न्यूरोपेप्टाइड एफ असें नांव मिळालें. कृमीच्या मज्जासंस्थेंत तें सर्वत्र भरलेलें आढळलें. दुसऱ्याच वर्षीं न्यूझीलंडकडील एका जमिनीवर राहणाऱ्या प्लॅनेरियांत, म्हणजे आपल्या कुंडीखालच्या पाहुण्याच्या नातलगांत, त्याच घराण्याचें पेप्टाइड मिळालें. त्याच्या माळेंत ३६ मणि. डुकराच्या मेंदूंतून १९८२ सालीं सांपडलेलें न्यूरोपेप्टाइड वाय, जें आपल्याही मेंदूंत असतें, तेंही ३६ मण्यांचें असून ह्यांचें दूरचें आप्त आहे. टेबलावरच्या त्या दोन बाटल्यांतील प्राण्यांचे मज्जातंतु एकच भाषा बोलतात, आणि त्या भाषेंतले कांहीं शब्द आमच्या डोक्यांतही आहेत, असें त्या मुलीस आतां सांगावयाचें आहे. पट्टकृमीला मेंदू आहे, लहान आहे, पण तो झिजलेला किंवा टाकाऊ नाहीं. निर्मात्यानें ज्या कृमीला एवढें जपून विणलें, त्याला आम्हीं दोन शब्दांत निकालांत काढलें होतें.

आतां पालकांपैकीं कोणी म्हणेल, कीं करडाच्या पोटांतील जंताला मेंदू आहे कीं नाहीं ह्यानें आमचें काय अडलें? अडतें तें औषधापाशीं. त्या विद्यार्थ्याच्या आईनें प्रथम कोणाच्या तरी सांगण्यावरून करडाला आयव्हरमेक्टिन दिलें होतें. तें चांगलें औषध आहे. गोल जंतांच्या व गोचिडांच्या मज्जातंतूंवर आणि स्नायूंवर एक विशिष्ट दार असतें, तें हें औषध उघडें ठेवतें व जंत लुळा पडतो. परंतु चपट्या कृमींत ह्या औषधाला वश होणारें तें दार नाहीं. त्यामुळें पैसे गेले, पंधरवडा गेला, आणि पांढरे तुकडे पडतच राहिले. मग गुरांच्या डॉक्टरांनीं लेंड्या तपासून निराळें औषध दिलें, तेव्हां ती फीत बाहेर पडली. तिचें करडूं वाचलें. पण एक करडूं म्हणजे त्या घरीं पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो.

गोल जंत आणि चपटे कृमि हे दोघेही "जंत" ह्या एकाच नांवानें ओळखले जात असले, तरी त्यांचे मज्जातंतु एकाच रीतीनें चालत नाहींत. आपल्या हातापायांच्या स्नायूंना ॲसिटिलकोलिन हें द्रव्य "आंखड" असें सांगतें. यकृतकृमीच्या अंगावर तें सोडलें तर तो उलट ढिला पडतो. त्याला हालचालीस लावतें तें सेरोटोनिन. हें मन्सूर ह्या शास्त्रज्ञानें १९५७ सालीं दाखविलें. निरोप तोच, पण वाचणारा दुसरा. म्हणून अर्थही दुसरा.

चपट्या कृमींतही सर्वांना एक औषध लागू पडतें असें नाहीं. पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल उत्तम चालतें. त्यानें कृमीच्या स्नायूंत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, अंग एकदम आंखडतें आणि पकड सुटते. माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा ह्या चपट्या कृमीवरही तेंच औषध देतात. आपल्या राज्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी येथें ह्या कृमीचा रोग गाडगीळ व शहा ह्यांनीं १९५२ सालीं नोंदविला होता. तें औषध कोणत्या दारावर थाप मारतें हें मात्र अनेक वर्षें गूढ होतें. शिस्टोसोमांतील तें दार २०१९ सालीं सांपडलें. यकृतकृमीवर प्राझिक्वांटेल चालत नाहीं. कां, तें २०२१ सालीं कळलें: त्याच्या त्याच दारांत, जेथें औषध बसावयाचें त्या खांचेंत, फक्त एक मणि निराळा आहे. एका मण्याच्या फरकानें गाईच्या यकृतांतला कृमि सुरक्षित राहतो. म्हणून औषधाचें नांव व मात्रा शेजाऱ्यास न विचारतां गुरांच्या डॉक्टरांसच विचारावी, आणि शक्य तर शेणाचा किंवा लेंड्यांचा ताजा नमुना दाखवावा.

येत्या पावसाळ्यांत विद्यार्थ्यांनीं हे प्राणी स्वतः पाहावेत अशी इच्छा आहे. ओढ्यांतल्या दगडांखालीं पाहतांना दगड हलकेच उलटावा व पाहून झाल्यावर पुन्हा तसाच ठेवावा. फावडें-डोक्याचा कृमि कुंडीखालीं दिसला तर हातानें धरूं नये. त्याच्या दोन जातींत टेट्रोडोटॉक्सिन हें तीव्र विष असल्याचें २०१४ सालीं आढळलें आहे. पानानें उचलून बाटलींत घालावा व हात साबणानें धुवावेत. शेळीच्या लेंड्यांतील तुकडे आणावयाचे असल्यास चिमट्यानें उचलावेत. आपल्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शकांतून प्लॅनेरियाचे डोळे आणि पट्टकृमीचे चूषक चांगले दिसतात. मज्जातंतूंच्या पिशव्या दिसणार नाहींत, त्यासाठीं छायाचित्रें भिंतीवर लावलीं आहेत. बाटलीवर नमुना कोठें व कोणत्या तारखेस सांपडला हें लिहिलेली चिठ्ठी असावी. गेल्या वर्षींच्या दोन्ही बाटल्यांवर ती नव्हती, आणि कुंडी बागेच्या कोणत्या कोपऱ्यांतली होती ह्यावर नववीच्या मुलांचें अजून एकमत झालेलें नाहीं.